पळ, पण हळू

आमच्या घरात कोणी पळत नाही. एखादा पाहुणा घाईघाईने आत शिरला, तर आम्ही सगळे हात वर करून त्याला थांबवतो. त्याला वाटतं, घरात कोणीतरी आजारी आहे. आजारी कोणी नसतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, घड्याळजी आहेत, एवढंच.

पुढच्या खोलीत दुकान, मागे आमचं बिऱ्हाड, आणि या सगळ्याखाली एकच जुनी लाकडी जमीन. स्वयंपाकघरात कोणी पाय आपटला, की ती फळी शेजारच्या फळीला सांगते, ती पुढचीला, असं करत बातमी थेट अप्पांच्या टेबलापर्यंत जाते आणि त्यांच्या चिमट्यातली केसाएवढी स्प्रिंग टुणकन उडून जाते. मग दुकानाचं दार लोटून सगळं घर ओणवं होतं आणि जमीन चाचपत बसतं. उडालेला तुकडा लोखंडी असला तर लोहचुंबकाला तरी लागतो. पितळेचा असला तर जेवणाची आशा सोडायची.

म्हणून दादा आणि मी लहानपणापासून दार दोन हातांनी लावतो, खुर्ची कधी सरकवत नाही, उचलून ठेवतो, आणि शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकून येतो. शिंक थोपवून धरता येत नाही असं लोक म्हणतात. त्यांनी आमच्याकडे येऊन बघावं. वहिनी मात्र अशा घरातून आली, जिथे मीठ मागायचं तरी या खोलीतून त्या खोलीत ओरडूनच मागायचं. बिचारीला आमची ही अळीमिळी गुपचिळी अंगवळणी पडायला फार वेळ लागला. अजूनही तिला मोठ्याने हसू आलं की ती मागच्या दारी जाते, हसते आणि तोंड पुसत परत येते.

दादा-वहिनीची मुलगी याच फळ्यांवर चालायला शिकली. शिकली कसली, तरंगायलाच लागली म्हणा ना. कधी येऊन मागे उभी राहील, पत्ता लागायचा नाही, म्हणून तिचं नाव पडलं मनी. अप्पांना तिच्या या मांजरपावलांचा कोण अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "आमची नात घरात आहे की शाळेत, हे मला विचारल्याशिवाय कळत नाही." गिऱ्हाइकांना यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते समजत नसे, पण घड्याळ अप्पांच्या ताब्यात असल्यामुळे ते मान डोलवत.

मनी नऊ वर्षांची झाली आणि तिच्या शाळेत मुलांना तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळ्या वर्गाला मैदानाभोवती पळायला लावलं, आणि संध्याकाळी आमच्याकडे निरोप आला, की घरचं कोणीतरी येऊन भेटा. दादा बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीवर बसतो, त्याला उठता येत नाही. वहिनी शिवणकामाच्या मशीनवर, तिलाही नाही. अप्पा तर टेबलावरून जेवायला उठतात हेच नवल. उरले मी. दुकानात सेल बदलणं, पट्टे लावणं आणि गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणणं ही माझी कामं. घरातली बाकी सगळी नकोशी कामंही अशीच माझ्यापाशी येऊन उरतात.

"काही दुखणंबिखणं निघालं का?" मी डॉक्टरीणबाईंना घाबरतच विचारलं.

"छे! हृदय ठणठणीत, छाती साफ. अर्धी फेरी मारली आणि मटकन खाली बसली. मला वाटतं, या मुलीला आजवर कधी दमच लागलेला नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसं?" बाई हसल्या. "या वयाच्या पोरांनी रोज तासभर तरी हुंदडायला हवं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी असं, की घामाने अंग भिजलं पाहिजे, बोलता बोलता मध्येच वाक्य तुटलं पाहिजे. घरी खेळते का ती?"

"खेळते ना. पत्ते खेळते. बुद्धिबळ तर इतकं छान खेळते!"

"पळते का?"

"कुठे?" मी विचारलं. मला खरोखरच कळलं नव्हतं.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मघाशी खोलीत आलात ते मला कळलंसुद्धा नाही. तुमच्या घरी कोणालाच दम लागत नाही वाटतं."

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण त्या वेळी तो तिथेच बसून राहिला. कारण बाईंचं खरं होतं. उठताना मी खुर्ची उचलून नीट जागेवर ठेवली, आणि बाई पुन्हा हसल्या.

घरी येताना मनी माझं बोट धरून गप्प चालत होती. कोपऱ्यावरची बेकरी मागे पडली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आत्या, मला रिलेत पळायचंय."

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. खेळाच्या तासाला सगळी मुलं पळतात आणि मनी रेघेवर उभी राहते. हातात सरांचं स्टॉपवॉच. "घड्याळजींची नात! तुझ्याइतकी चोख वेळ कोण घेणार?" असं म्हणून सर दर वेळी ते तिच्याच गळ्यात अडकवतात. आता शाळेच्या क्रीडादिनाला प्रत्येक वर्गातून चौघांचा रिले संघ निवडायचा होता, आणि सरांनी जाहीर केलं होतं, की जो न थांबता मैदानाची पूर्ण फेरी मारेल त्याचा विचार होईल. मनीने आजवर पूर्ण फेरी कधी मारलीच नव्हती.

"मला कोणाची वेळ घ्यायची नाहीये," ती म्हणाली. "माझी कोणीतरी घेऊ दे ना!"

मला स्टॉपवॉचचा, सरांचा, आमच्या घरातल्या एकेका फळीचा राग आला. ही पोर रिलेत पळणार, मग घर उन्हात बांधावं लागलं तरी चालेल, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

जेवताना मी विषय काढला. मला वाटलं होतं, अप्पा नको म्हणतील. म्हणून मी भांडणाची सगळी तयारी करून बसले होते. पण अप्पा म्हणाले, "पळू दे की! मी कधी नको म्हटलं? पळ, मने, अगदी खुशाल पळ." आणि घास गिळून पुढे म्हणाले, "फक्त हळू पळ."

वहिनी ताटावरून उठली आणि मागच्या दारी गेली.

अप्पा मात्र मनापासून बोलले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनीच्या सपातांना खालून जाड लोकरीचे तुकडे शिवले, स्वयंपाकघरापासून मागच्या खोलीपर्यंत घट्ट ठोकलेल्या फळ्या शोधून त्यांवर खडूने रेघ मारली, आणि टेबलावरच्या उघड्या घड्याळांवर काचेची झाकणं ठेवून तिला म्हणाले, "हं, पळ." मनी पळाली. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भुतं पळत असतील तर अशीच पळत असतील. डॉक्टरीणबाईंच्या मनात असलं पळणं नसणार, एवढं तर मलासुद्धा कळत होतं.

मग मीच कंबर कसली. गल्लीच्या टोकाला एक गोदाम आहे, त्याच्यामागे मोकळी जागा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. भिंतीपासून टाकीपर्यंत आणि परत, म्हणजे जवळजवळ शाळेच्या मैदानाची फेरी. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी मी मनीला तिथे न्यायला लागले. मी भिंतीवर बसून "हं, पळ, शाबास" म्हणायची. मनी निघायची छान, अगदी बाणासारखी. पण टाकीपाशी पोचेपर्यंत तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, डोळे मोठे व्हायचे, आणि ती धपकन खाली बसून भसकन श्वास सोडायची.

रोज तेच. पालथ्या घड्यावर पाणी. आधी मी दोष दिला बुटांना. नवे बूट आणले, नव्या बुटांत ती त्याच जागी बसली. मग न्याहारीला दोष दिला, मग झोपेला. शेवटी मी दादाच्या पोटाकडे बघून म्हणाले, "खाण तशी माती."

"माझ्या पोटाचा इथे काय संबंध?" दादा म्हणाला, आणि पोट आत घेऊन बसला.

दोन-चार दिवसांनी मनीच्या वर्गातली एक मुलगी तिथे यायला लागली. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची लेक. तिचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, म्हणून सगळे तिला तोफ म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. तोफ पळताना गप्पा मारायची. पळताना बन खायची. पुढे जाऊन मागे तोंड करून उलटी पळत मनीला नावं ठेवायची. तिच्या पायाला भिंगरी होती आणि तोंडाला दुसरी. ती रिलेत असणार हे ठरलेलंच होतं, आणि मनीने तिच्याबरोबर असावं अशी तिची फार इच्छा होती.

"आत्या, ही मध्येच बंद का पडते?" ती मला विचारायची. जसं काही मनीचा सेलच संपला होता. मी काय उत्तर देणार, डोंबल?

उत्तर दुकानातच बसलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. एके दुपारी अप्पा एका छोट्या घड्याळात बॅलन्स बसवत होते. बॅलन्स म्हणजे घड्याळातलं ते इवलंसं चाक, जे अखंड मागे-पुढे डोलत असतं. ते बसवणं म्हणजे अप्पांच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. मनी नेहमीप्रमाणे त्यांच्याशेजारी स्टुलावर, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकून. मी एक पट्टा लावता लावता सहज मान वर केली. अप्पांचे गाल फुगलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, डोळ्याला भिंग. आणि शेजारी मनी. तिचेही गाल फुगलेले, खांदे कानांपर्यंत, आणि चेहरा हळूहळू लाल होत चाललेला.

माझ्या हातातला पट्टा खाली पडला. हा चेहरा मी रोज सकाळी टाकीपाशी बघत होते!

अप्पांचं चाक बसेपर्यंत मी थांबले. राग कितीही आला तरी एवढं वळण आम्हाला आहे. चाक डोलायला लागलं, दोघांनी एकदमच भसकन श्वास सोडला, आणि मी विचारलं, "मने, तू पळताना श्वास घेतेस का गं?"

"नाही!" मनी म्हणाली. तू चोरी करतेस का असं विचारल्यासारखं.

"का नाही?"

"महत्त्वाचं काम करताना श्वास धरायचा असतो ना. अप्पा म्हणतात."

"अगं, ते स्क्रू उडू नये म्हणून!" अप्पा कळवळून म्हणाले.

"मला वाटलं, सगळ्याच महत्त्वाच्या कामाला असतं," मनी म्हणाली. मग तिने आम्हाला सांगितलं, की ती गणितं सोडवताना श्वास धरते, चित्राला रंग देताना धरते, वर्गातल्या बाई रागावल्या की धरते, आणि पळताना तर नक्कीच धरते, कारण पळणं हे तिच्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

मला हसावं की रडावं कळेना. मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. सुईत दोरा ओवताना, जिना उतरताना, कोणी आवाज चढवून बोललं की, मीसुद्धा श्वास धरते. आख्खं आयुष्य मी असा अर्धा श्वास घेत काढलं आणि मला वाटायचं, माझा स्वभावच गप्प आहे.

अप्पांनी डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "पोरीला हे मी शिकवलं?"

"तुम्ही शिकवलं नाहीत, अप्पा. ती नुसती बघत बसली."

"म्हणजे तेच ते," अप्पा म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी दुसरं घड्याळ हातात घेतलं नाही. मला त्यांची दयाही आली आणि रागही तसाच होता, दोन्ही एकाच वेळी.

आता वाटलं, रोग कळला म्हणजे औषध सोपं. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून ओरडायला सुरुवात केली, "श्वास घे! श्वास घे!" म्हणजे मला ते ओरडणं वाटत होतं. मनीला ते टाकीपर्यंत ऐकू येत नव्हतं. मग मी तिला बजावलं, की श्वास घ्यायचा हे तूच लक्षात ठेव. झालं! लक्षात ठेवणं हे एक महत्त्वाचं काम झालं, आणि महत्त्वाचं काम म्हटल्यावर तिने श्वास धरलाच. त्या दिवशी ती टाकीच्याही अलीकडे बसली.

"आत्या, मी नाही पळणार," ती म्हणाली. "सरांचं स्टॉपवॉचच बरं." डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज न करता. आमच्याकडे रडतातही तसेच.

तोफ बनाचा शेवटचा तुकडा चघळत हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "ओरड ना मग."

"काय?"

"पळताना ओरड. ओरडताना श्वास धरताच येत नाही. करून बघ."

मी करून बघितलं. खरंच येत नव्हतं. पण मनी ओरडणार काय? आणि कशी? तिने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तोफेने तिला "हो!" असं ओरडायला सांगितलं, तर ती झोपलेल्या माणसाला उठवू नये अशा बेताने "हो" म्हणाली.

"तुमच्या घरी आत्या कशावरून भांडते?" तोफेने विचारलं.

"आत्या भांडत नाही. पुटपुटते."

"कोणावर?"

"दुरुस्तीला घड्याळ टाकून न्यायला न येणाऱ्या गिऱ्हाइकांवर."

हे मात्र खरं. घड्याळ टाकताना "लगेच पाहिजे" म्हणून जीव खातात, आणि तयार झालं की फिरकत नाहीत. शिंपीकाकांचं भिंतीवरचं घड्याळ आमच्या भिंतीवर इतके दिवस होतं, की लोकांना ते आमचंच वाटायला लागलं होतं. पोस्टमनचं होतं. आणि दातांच्या डॉक्टरांचं तर सोनेरी तबकडीचं, रोज किल्ली मी द्यायची आणि वेळ बघायला ते मोकळे, दुसऱ्या घड्याळात!

"मग तेच ओरड," तोफ म्हणाली.

मनी निघाली. आधी मुंगीच्या आवाजात, "शिंपीकाका, घड्याळ न्या." मागून तोफ धडाडली, "शिंपीकाका! घड्याळ न्या!" मनी थोडं मोठ्याने, "पोस्टमनकाका, घड्याळ न्या!" मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी भिंतीवर उभी राहिले आणि सगळ्या वर्षांचं पुटपुटणं एकत्र करून ओरडले, "दातांचे डॉक्टर! घड्याळ न्या!" टाकीवरचे कावळे उडाले. गोदामाचा पहारेकरी बाहेर येऊन बघायला लागला. असला आवाज माझ्याकडे होता हे मला ठाऊकच नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडला.

मनी टाकीपाशी पोचली. टाकीला हात लावला. आणि बसली नाही. तोंड उघडं टाकून, "दातांचे डॉक्टर! घड्याळ न्या!" करत परत आली. माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, पाठ खालीवर होत होती.

"आत्या... मी... पूर्ण..." ती म्हणाली आणि पुढचा शब्दच निघेना.

वाक्य तुटलं. मला इतका आनंद झाला, की मी तिला उचलून गरागरा फिरवलं, आणि मग मलाही बोलता येईना.

त्याच दुपारी शिंपीकाका दुकानात आले, मान खाली घालून, आणि घड्याळ उतरवून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पोस्टमन. दातांचे डॉक्टर सकाळी गोदामामागून फिरायला जातात हे आम्हाला माहीतच नव्हतं. ते थोडे दिवस दुसऱ्या रस्त्याने गेले, मग तेही आले. अप्पांनी विचारलं, "सगळ्यांना एकदम कशी आठवण झाली?" मी म्हटलं, "हवा बदलली असेल."

मनीने शाळेत फेरी पूर्ण केली, ओरडतच. सरांनी काही न विचारता तिला संघात तिसऱ्या जागी घेतलं आणि स्टॉपवॉच दुसऱ्या एका मुलीच्या गळ्यात घातलं.

क्रीडादिनाला अप्पांनी भरदुपारी दुकान बंद केलं. असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मैदानाच्या कडेला एका बाकावर आम्ही चौघं ओळीने बसलो: अप्पा, दादा, वहिनी आणि मी. सगळीकडे आईबाप ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, आणि आमचा बाक तेवढा वाचनालयातून उचलून आणल्यासारखा गप्प.

शिट्टी वाजली. पहिली तोफ. ती सुटली ती सगळ्यांच्या पुढे, आणि पळता पळता शेजारच्या मुलाला काहीतरी सुनावतही होती. दुसऱ्या मुलाने ती आघाडी टिकवली. मग दांडी मनीच्या हातात आली, आमचा संघ पहिला, आणि आख्खं मैदान ओरडायला लागलं.

मनी चांगली निघाली. आणि मग मला तिचे गाल दिसले. फुगलेले. खांदे कानांपर्यंत चढलेले. एवढी माणसं, सगळा वर्ग तिच्यावर अवलंबून, याहून महत्त्वाचं काम ते कोणतं? एक मुलगा तिच्या पुढे गेला. मग एक मुलगी गेली. पलीकडच्या वळणावर तिचा वेग इतका कमी झाला, की आता ती बसणार, हे मला दिसायला लागलं.

"ओरड, मने," मी म्हणाले. पण तोंडातून आवाजच निघाला नाही. मी शेजारी पाहिलं. दादाचे गाल फुगलेले. वहिनीचेसुद्धा. आमचा सगळा बाक श्वास धरून बसला होता.

आणि अप्पा उठले. नुसते उठले नाहीत, बाकावर चढले. या वयात, सपाता घालून. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्यांच्या छातीतून असा काही आवाज निघाला, की पुढच्या रांगेतला एक माणूस दचकून खाली वाकला.

"दातांचे डॉक्टर! घड्याळ न्या!"

मला वाटत होतं, त्यांना काही माहीत नाही. त्यांना सगळं माहीत होतं.

"शिंपीकाका!" वहिनी उभी राहून ओरडली. तिचा आवाज तर माहेरून आणलेला, वापरावाचून तसाच नवा राहिलेला. "घड्याळ न्या!" दादाने पोट सोडून दिलं आणि तोही ओरडला. लोक माना वळवून बघत होते. कुंपणाजवळच्या गर्दीतून एक माणूस हात वर करून कळवळून म्हणाला, "नेलं हो, नेलं! गेल्याच आठवड्यात नेलं!"

पलीकडच्या वळणावर मनीने हे ऐकलं. तिने आमच्याकडे पाहिलं, बाकावर चढलेल्या अप्पांकडे पाहिलं, आणि तिचे गाल फुटले. आधी ती हसली. मग मोठ्याने काहीतरी ओरडली. आणि मग पळाली. दाणदाण पाय आपटत, हात उडवत, तोंड उघडं टाकून अशी पळाली, की पुढची मुलगी मागे वळून बघायला लागली आणि तेवढ्यात मनीने तिला गाठलं. दांडी देऊन ती गवतावर पडली. मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

आमचा संघ तिसरा आला. तोफ रागाने लाल झाली होती. "मध्येच हसलीस कशाला? हसली नसतीस तर दुसरे आलो असतो. उद्यापासून रोज माझ्याबरोबर पळायचं, कळलं?" मनीला उत्तर द्यायचं होतं, पण धाप लागून शब्द फुटत नव्हता. तिने नुसती मान हलवली. जरा दम खाल्ल्यावर ती स्टॉपवॉचवाल्या मुलीकडे गेली आणि आपली वेळ विचारून आली. वेळ काही सांगण्यासारखी नव्हती. तिने ती भेटेल त्याला सांगितली.

संध्याकाळी अप्पांनी दुकान उघडलं. मी दिवा लावून दिला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एका म्हातारीचं नखाएवढं घड्याळ उघडलं आणि चिमट्यात चाक धरलं. घर आपल्या नेहमीच्या पद्धतीने शांत झालं.

आणि मागून धडधड सुरू झाली. मनी अंगणातून पळत येत होती. स्वयंपाकघर, मधली खोली, धाडधाड, धाडधाड. तिच्या मनातही नसावं की आपण घरात आहोत. फळ्यांनी फळ्यांना सांगितलं, कपाटातल्या काचा वाजल्या, दिवा हलला. वहिनीने आणि मी एकदमच हात वर केले. मनी दुकानाच्या उंबऱ्यात थबकली, एक पाय हवेतच.

"अप्पा, चुकून..." ती म्हणाली.

अप्पांनी चिमटा खाली ठेवला होता. ते उघडं घड्याळ त्यांनी टेबलावरून उचलून तळहातावर घेतलं होतं, आणि तो हात छातीपाशी, हवेत धरला होता. कोपरसुद्धा टेबलाला टेकलेलं नव्हतं.

"दम लागलाय का?" त्यांनी विचारलं.

"थोडासा."

"थोडासाच? मग अजून एक चक्कर मारायची का?"

मनीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली.

"मग मार की," अप्पा म्हणाले. "मी धरलंय."

ती वळली आणि पळत सुटली. सगळं घर हादरत होतं, आणि अप्पा घड्याळ हातात घेऊन तिची चक्कर संपायची वाट बघत बसले.